वसूल आणि उतराई

आमच्या घरातल्या एका वहीच्या शेवटच्या पानावर एक भागाकार मांडलेला आहे. भाज्याच्या जागी दोन माणसांच्या तिकिटांची रक्कम, भाजकाच्या जागी ४०. चाळीस म्हणजे तास. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता जहाज मुंबई बंदरातून सुटणार आणि रविवारी सकाळी नऊ वाजता पुन्हा त्याच धक्क्याला लागणार, यांमधला हा काळ. भागाकाराखाली खाण्याच्या वेळांची यादी आहे. न्याहारी, दुपारचा चहा आणि मध्यरात्रीचा फराळ धरून आठ नोंदी, आणि प्रत्येक नोंदीपुढे एक चौकोन. पहिल्या चार चौकोनांत बरोबरची खूण आहे. पुढचे चार कोरे आहेत. ते कोरे का राहिले हे सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही नवरा-बायको दोघेही मराठीचे अध्यापक. भंडारा जिल्ह्यातल्या दोन निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकवतो. चाळिशी उलटून काही वर्षे झाली. लेखात 'आम्ही' म्हणत असलो तरी एका बाबतीत आमच्यात मोठा फरक होता आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्यातला 'तो' पंचविशीतच कायम झाला. आमच्यातली 'ती' अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. हे तत्त्व ज्यांनी भोगले आहे त्यांना त्याची फोड करून सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की ४८ मिनिटांची तासिका घेतली तर तिचे मानधन मिळते. दिवाळीत नाही, उन्हाळ्यात नाही, अतिवृष्टीने महाविद्यालय बंद राहिले तर त्या दिवसाचेही नाही. महिन्याच्या अखेरीस किती तास झाले ते लिहून सही करायची आणि मग ते पैसे कधी येतात याची वाट पाहायची. एकच अभ्यासक्रम, एकच पदवी, एकच घर. पण एकाचे वर्ष बारा महिन्यांचे आणि दुसरीचे जेमतेम सात-आठ महिन्यांचे.

शेवटी तिच्या नेमणुकीला मान्यता मिळाली. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे तिच्या पहिल्या पगारी सुट्टीत, 'त्या'ने जहाजाची तिकिटे काढली. तिला न विचारता काढली. नातेवाइकांनी वेड्यात काढले. एवढ्या पैशांत केरळ झाले असते, काशी झाली असती. हे जहाज तर कुठेच जात नाही, समुद्रात जाऊन परत येते! आक्षेप चुकीचा नव्हता. खाणे, पिणे, पोहणे, गाणे, नाटक आणि झोपणे एवढ्यासाठीच पाण्यावर जायचे आणि निघालो तिथेच उतरायचे, ही कल्पना आमच्याही संस्कारात बसत नव्हती.

पाण्याचे आम्हाला अप्रूप असावे असेही नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळ्यांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि आज सरकारदरबारी 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून नोंदलेले जलाशय गावोगावी आहेत. त्यांच्या पाण्यावर धान पिकतो, ढिवरांची जाळी चालतात. जिल्ह्यातून वैनगंगा वाहते. पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे धरण झाले. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली तेव्हा आम्ही शाळेत होतो. आज त्याच्या फुगवट्यापाशी उभे राहिले की पलीकडचा काठ धूसर दिसतो आणि ज्यांची गावे खाली गेली ती माणसे त्या पाण्याकडे कौतुकाने पाहत नाहीत.

पण समुद्र म्हणाल तर तो आमच्यासाठी पाठ्यपुस्तकातच होता. वैनगंगेच्या काठी, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर अंभोरा आहे. शके १११० मध्ये मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' याच ठिकाणी सिद्धीस नेला अशी आमच्याकडची परंपरा. मराठवाड्यातले अभ्यासक अंबेजोगाईचा पक्ष घेतात आणि दरवर्षी आमची एक तासिका या वादात सहज खर्ची पडते. अशाच एका तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले होते, "मॅडम, मुकुंदराजांनी समुद्र पाह्यला होता का? इथून तर लय दूर आहे." वर्ग हसला. तिने परीक्षेत उपयोगी पडेल असे उत्तर दिले: सिंधु हे इथे प्रतीक आहे. मुलाने ते वहीत उतरवून घेतले. पण तो प्रश्न घरी आला, रात्री जेवणाच्या ताटावर पुन्हा निघाला, आणि आपल्या दोघांपैकी कोणीही समुद्रात कधी गेलेले नाही हे लक्षात आले. चौपाटीवर भेळ खाणे म्हणजे समुद्र पाहणे नव्हे.

नावेचा अनुभव मात्र 'त्या'ला होता. त्याचे लहानपण वैनगंगेच्या काठच्या खेड्यात गेले. शाळा पलीकडे. २०२४ साली अंभोऱ्याला तारांवर तोललेला मोठा पूल खुला झाला, पण आमच्या लहानपणी नदी ओलांडायची म्हणजे ढिवराच्या डोंग्यातूनच. त्या डोंग्यात बसताना कोणी पैसे देत नसे. धानाची मळणी झाली की नावाडी घरोघर येई आणि त्याच्या वाट्याचे धान मोजून घेऊन जाई. वर्षात किती फेऱ्या झाल्या हे त्याने मोजलेले नसे आणि आमच्या घरानेही नसे. शाळेला सुट्ट्या होत्या म्हणून धान कमी, असेही होत नसे. ही आठवण पुढे जहाजावर उपयोगी पडणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

वरठीला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो. बरोबर दशम्या, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि चिवड्याचा डबा. जिथे चाळीस तास खाण्याचीच सोय आहे तिथे जाताना एवढे कशाला, असे ती म्हणाली. पण विदर्भातून मुंबईला जाणारा माणूस डब्याशिवाय गाडीत बसत नाही. मुंबईचे बंदर, सामानाची तपासणी, ओळखपत्रे, या साऱ्यांतून पार पडून जहाजासमोर उभे राहिलो तेव्हा पहिली भावना अशी की ही इमारत आहे आणि आपण चुकून तिच्या मागच्या बाजूला आलो आहोत.

मुंबईहून असे पर्यटन अलीकडेच पुन्हा सुरू झाले आहे. २०१८ साली 'आंग्रिया' हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर आले. ते फार काळ चालले नाही. २०२१ पासून कोर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' आले. आम्ही गेलो ते याच जहाजाने. ते १९९० साली फ्रान्समध्ये बांधले गेले, लांबी दोनशे मीटरांहून अधिक, अकरा मजले, आणि एका वेळी दीड-दोन हजार माणसांची सोय. आमच्या तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी वस्ती पाण्यावर तरंगत होती.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना जमवून संकटसमयी काय करायचे त्याची तालीम होते. टायटॅनिक १९१२ साली बुडाल्यावर समुद्री सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडल्यावर ही तालीम निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घेण्याचा नियम आला. बहुतेक प्रवासी फोनवर छायाचित्रे काढत होते. आम्हाला 'रामदास' बोट आठवली. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. आपण सुखासाठी ज्या पाण्यावर निघालो आहोत ते हेच पाणी, एवढे भान त्या दहा मिनिटांत आले. बाकी कोणत्या सोयीचा लाभ घ्या अथवा घेऊ नका, ही तालीम मात्र लक्ष देऊन करावी.

खोलीत छापील कार्यक्रमपत्रिका ठेवलेली होती. किती वाजता कुठे संगीत, कुठे नृत्य, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, कृत्रिम कडा चढण्याची सोय, नाट्यगृहातला प्रयोग, कुठे काय खायला. तिकिटात काय काय आणि वेगळे पैसे कशाचे, हेही तिथे होते. 'त्या'ने वही काढली आणि भागाकार मांडला. तास महाग निघाला. मग यादी, मग चौकोन.

पहिल्या रात्री आम्ही सगळे केले. पाच ठिकाणी गेलो आणि एकाही ठिकाणी शेवटपर्यंत बसलो नाही, कारण पुढच्या ठिकाणचे सुरू झालेले असे. नाटकातला विनोद कळायच्या आत उठलो. जुगाराच्या खोलीच्या दारातून आत पाहिले, वेगळे पैसे लागतात हे आठवून परतलो. रात्रीचे जेवण, त्यानंतर मध्यरात्रीचा फराळ. दोन खुणा. शनिवारी सकाळी न्याहारी, तिसरी खूण.

मराठी माणूस आणि बोटीवरचे जेवण या विषयावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा. १८८३ साली कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हे त्यांनी निघण्याआधी सभेत जाहीर केले होते. अशा मुलीसाठी परक्या बोटीवरचे प्रत्येक जेवण ही त्या निश्चयाची कसोटी होती. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला गेल्या आणि त्या प्रवासाचे वृत्त त्यांनी मराठीत लिहिले. शेजारच्या गुजरातीतून पाहायचे तर १८८८ साली निघालेले तरुण गांधी काटे-चमचे कसे धरायचे हे ठाऊक नसल्याने आणि कशात मांस आहे हे विचारायचा धीर नसल्याने जेवणाच्या मेजावर गेलेच नाहीत; खोलीत बसून घरून आणलेली मिठाई आणि फळे खात राहिले, हे त्यांनीच आत्मकथेत सांगितले आहे. या सर्वांच्या बाबतीत बोट हा मार्ग होता. पलीकडे शिक्षण होते, कायदा होता, वैद्यक होते. पोचण्यासाठी बोट सोसायची होती. आमचे नेमके उलट. पलीकडे काहीच नव्हते. बोट हेच गाव. इथे शाकाहाराची पाटी होती, जैन जेवण होते, चमच्याचा धाक नव्हता. पूर्वसूरींच्या सगळ्या अडचणी संपल्या होत्या आणि तरीही शनिवारी दुपारी आमचे जेवण बिनसले.

दुपारची वेळ. लांबच लांब मेजांवर पदार्थ मांडलेले. धानाच्या प्रदेशातली माणसे प्रथम भाताकडे पाहतात. लांब दाण्याचा, सुटा, देखणा. पण आमच्या चिन्नोरचा वास ज्याच्या नाकात बसला आहे त्याला तो परका वाटतो. 'तो' मात्र भाताशी थांबला नाही. तीन भाज्या, दोन प्रकारचे पनीर, पास्ता, कसल्याशा चिनी शेवया, चार गोड पदार्थ. एक ताट भरले, मग दुसरे. तिने एवढेच म्हटले, "हे सगळं जाणार आहे का?" तो म्हणाला, "पैसे दिलेत आपण. वसूल नको करायला?" आणि तिच्याही ताटात त्याने एक गोड ठेवले. तिने ते काढून बाजूला ठेवले. त्याने परत ठेवले.

आमच्याकडे पंगतीत आग्रहाची रीत आहे. वाढपी फिरतो, यजमान हात जोडून आणखी एक घ्या म्हणतो, जेवणारा ताटावर हात आडवा धरतो. त्या आग्रहाला दुसरा माणूस लागतो, आणि म्हणूनच नकारालाही जागा असते. इथे यजमानच नव्हता. आम्हीच आम्हाला आग्रह करत होतो आणि आमच्यासमोर हात आडवा धरायला कोणी नव्हते.

तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "अकरा वर्षं मी तास मोजले. इथे तरी मला मोजायला लावू नका." त्यावर जे उत्तर आले ते आम्ही इथे लिहितो आहोत, कारण त्यावाचून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. तो म्हणाला, "तुझ्याचसाठी मोजतोय मी. ते सगळे तास भरून काढायचेत मला." काही वेळ कोणीच बोलले नाही. मग ती म्हणाली, "ते तास वाया गेलेले नाहीत. त्यांचे पैसे कमी मिळाले. शिकवलं तर मी पूर्णच होतं."

अकरा वर्षे एका घरात राहून ही गोष्ट आमच्यात कधी बोलली गेली नव्हती. एकाला वाटत होते की आपण दुसरीचे देणे लागतो. दुसरीला ते देणे मान्यच नव्हते, किंबहुना तसे मानण्यात तिच्या शिकवण्याचा अपमान होता. हे कळायला आम्हाला नऊशे किलोमीटर आणि वर अरबी समुद्र गाठावा लागला.

ताटात बरेच उरले. नंतर वाचले की जहाजांवरच्या उष्ट्या अन्नालाही आंतरराष्ट्रीय नियम आहेत. खुल्या समुद्रात किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे गेल्यावर २५ मिलिमीटरपेक्षा बारीक केलेले अन्न चालत्या जहाजातून पाण्यात सोडता येते; बारा मैलांपलीकडे बारीक न करताही. मासे पकडून पोट भरणाऱ्यांच्या शेजारात वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटते ते लिहून सांगणे अवघड आहे.

त्या दुपारची शिक्षा लगेच मिळाली. दिवाळीच्या सुमाराचा समुद्र तसा शांत असतो आणि एवढे मोठे जहाज फारसे हलत नाही. पण भरल्या पोटाला तेवढेही पुरले. डोळे म्हणतात खोली स्थिर आहे, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो ती हलते आहे, आणि या वादात पोट हरते. जहाजावरच्या कर्मचाऱ्याने सांगितले की खोलीत पडून राहू नका. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर उघड्या हवेत बसा आणि क्षितिजाकडे पाहा. तसे बसलो. आल्याचा तुकडा चघळला. चहाची वेळ टळली. पाचवा चौकोन कोरा.

त्या बाकावर आम्ही तीन तास बसलो, आणि आमचा जहाजप्रवास खरे म्हणजे तिथून सुरू झाला. फोनला केव्हाच संदेश येईनासे झाले होते. चारी बाजूंना पाणी. सरळ रेघ म्हणून जे क्षितिज आम्ही चित्रांत पाहिले होते ते प्रत्यक्षात गोल आहे आणि आपण त्याच्या मधोमध आहोत, हे पहिल्यांदा दिसले. पाण्यापासून तीसेक मीटर उंचावर उभे राहिले तर क्षितिज सुमारे वीस किलोमीटरांवर असते, असे गणित सांगते. म्हणजे चाळीस किलोमीटर व्यासाचे एक वर्तुळ, त्यात एकही झाड नाही, देऊळ नाही, पार नाही. आमच्या तलावाला पाळ असते, नदीला काठ असतो. इथे दृष्टी टेकवायला काहीच नाही. प्रथम भीती वाटली. मग वाटेनासे झाले.

रात्री आम्ही बुफेकडे न जाता बसून जेवण्याच्या उपाहारगृहात गेलो. तेही तिकिटातच होते, पण तिथे वेळ जास्त जातो म्हणून आदल्या दिवशी 'वसुली'च्या हिशोबात बसले नव्हते. ज्यांना जहाजावरच्या जेवणाचे चीज करायचे आहे त्यांनी निदान एक जेवण असे घ्यावे. पदार्थ थोडे येतात, एकामागून एक येतात, आणि मध्ये बोलायला वेळ मिळतो. आम्ही सूप, थोडी भाजी-पोळी आणि दहीभात सांगितला. वाढणारा मुलगा हसला आणि म्हणाला, "तुम्ही विदर्भातले का? 'जेवून राहिलो' म्हणालात मघाशी."

तो दाभोळकडचा. घर खाडीच्या काठी. त्याचे आजोबा मुंबईला गिरणीत होते आणि कोकण बोटीने ये-जा करत. पावसाळ्यात त्या बोटी बंद असत. बऱ्याच ठिकाणी धक्का नसे; बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून तिच्यापर्यंत नेल्या जात. आजोबा डेकवरचे प्रवासी. घोंगडी पसरायची, भाकरी-चटणीचे फडके सोडायचे, शेजाऱ्याला अर्धी द्यायची. "आता मी बोटीवर वाढतो म्हटलं तर त्यांना खरं वाटलं नसतं," तो म्हणाला. कोकण बोटी बंद पडून तीन-साडेतीन दशके झाली. त्याच किनाऱ्याच्या नातवंडांना बोटीवर काम मिळाले, पण घरी जायला मात्र एस. टी. आणि रेल्वेच.

तिने त्याला कामाच्या तासांविषयी विचारले. शिक्षक असल्याने आम्ही कोणालाही प्रश्न विचारतो. त्याने तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगितले: करार काही महिन्यांचा, मग सलग सुट्टी. दिवसाला किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे असा नियम आहे आणि ती नोंदवावी लागते. हा नियम २००६ च्या सागरी कामगार कराराचा. भारताने तो २०१५ साली स्वीकारला.

"तास कोण लिहितं?" तिने विचारले.

"कागदावर असतं मॅडम. वाचून सही करतो."

"आमच्याकडेही लिहून सही करतात," ती म्हणाली. तो हसला, त्याला यातले किती कळले कोण जाणे. मात्र त्याचे विश्रांतीचे तास मोजले जात होते आणि हिचे कामाचे, हा फरक आमच्या दोघांच्या ध्यानात एकदमच आला.

जेवण झाल्यावर वरच्या मजल्यावर गेलो. पुढच्या बाजूला उजेड कमी होता, तिथे उभे राहिलो. मागून गाण्याचा आवाज येत होता आणि लोक आनंदात होते. त्यांच्या आनंदाला नाक मुरडण्याचा आम्हाला अधिकार नाही. एक आजी चाकांच्या खुर्चीत बसून नातवंडांचे नाचणे पाहत होत्या. त्यांना प्रत्येक ठिकाणी नेता येईल असा दुसरा कोणता प्रवास आहे? जिने नाहीत, गाड्या बदलणे नाही, सामान बांधणे-सोडणे नाही. हे सुख खरे आहे. फक्त ते सगळेच्या सगळे आपल्या पदरात पडले पाहिजे या धडपडीत ते हातचे जाते.

तिथे उभे असताना तिने शब्दाचा विषय काढला. ती पदव्युत्तर वर्गाला ऐतिहासिक पत्रव्यवहार शिकवते; वसूल, बाकी, फाजील हे शब्द तिच्या रोजच्या सरावातले. 'वसूल' आणि 'महसूल' हे शब्द आपल्याला भावंडे वाटतात, पण अरबीत त्यांचे धातू वेगळे. 'महसूल'च्या मुळाशी हाती येणे, मिळणे आहे. 'वसूल'च्या मुळाशी पोचणे. रक्कम पोचली म्हणजे वसूल झाली. फारसीतून दफ्तरात आणि दफ्तरातून बाजारात येईपर्यंत त्यातले पोचणे पुसले गेले आणि घेणे तेवढे उरले.

"म्हणजे आपण अजून वसूल झालो नाही," तो म्हणाला. हा काही फार मोठा विनोद नव्हता, पण आम्ही पुष्कळ वेळ हसलो. दुपारनंतर पहिल्यांदाच.

रविवारी पहाटे साडेपाचला उठलो. न्याहारीची गर्दी टाळायची तर हीच वेळ बरी, असे कोणीतरी सांगितले होते. पण आम्ही न्याहारीला न जाता डेकवर गेलो. दोन-चारच माणसे होती. एक कर्मचारी फरशी पुसत होता. पूर्वेला मुंबईचे दिवे आधी एक पट्टा म्हणून, मग ठिपके म्हणून दिसू लागले. मच्छीमार बोटी परतत होत्या. त्यांतल्या एकीतला माणूस उभा राहून आमच्या अकरा मजल्यांकडे पाहत होता. खाली जाऊन चहा-पोहे घेतले. किती घेतले ते आठवत नाही. चौकोनांची आठवण दोघांनाही झाली नाही.

उतरण्याआधी त्या मुलाला काही द्यावे असे ठरवले. 'त्या'ने सवयीने विचारले, किती टक्के देतात? आणि स्वतःच गप्प झाला. हिंदीत नावेच्या भाड्याला 'उतराई' म्हणतात. तुलसीदासांच्या 'रामचरितमानसा'त केवट रामाला गंगेपार नेतो, राम त्याला उतराई देऊ करतो आणि तो घेत नाही. मराठीत तोच शब्द आपण वेगळा वापरतो: उपकारातून, ऋणातून उतराई होणे. मुळाशी दोन्हीकडे पैलतीराला उतरणेच आहे. पण मराठीत हा शब्द बहुधा नकारासह येतो. आपण कोणाचे उतराई 'होऊ शकत नाही', असेच म्हणतो. डोंग्यातला तो नावाडी धान घेऊन गेल्यावरही आमची आजी म्हणे की त्याचे देणे फिटत नाही. तेव्हा तो केवळ शिष्टाचार वाटे. वसूल होते ती रक्कम. शिकवलेले तास, नदीपार नेलेले दिवस, कोणीतरी वाढलेले जेवण यांची वसुली होत नाही. त्यांचे उतराई होण्याचा प्रयत्न तेवढा करता येतो, आणि तोही पुरा पडत नाही. पाकिटात जे ठेवावेसे वाटले ते ठेवले. आकडा वहीत लिहिला नाही.

आता तासिका तत्त्वाविषयी एक शब्द. ती समजूतदार आहे म्हणून ते तत्त्व न्याय्य ठरत नाही. आमच्या दोन्ही महाविद्यालयांत आजही तरुण मुले-मुली तास लिहून सही करत आहेत. नेट, सेट, पीएच. डी. झालेली. त्यांचे मानधन वेळेवर आणि पूर्ण वसूल व्हायलाच हवे. तिथे उतराईची भाषा बोलणे म्हणजे ढोंग. जहाजावर आमची चूक ही, की जिथे हिशोब मागायला हवा होता तिथे आम्ही वर्षानुवर्षे गप्प बसलो आणि जिथे नको होता तिथे वही उघडून बसलो.

परतल्यावर नव्या सत्रात 'विवेकसिंधु'चा तास आला. अंभोरा की अंबेजोगाई हा वाद झाला. या वर्षीही एका मुलीने विचारलेच, "मॅडम, तुम्ही पाह्यला का समुद्र?"

"पाहिला," ती म्हणाली. "फार मोठा आहे, त्याला काठ दिसत नाही, आणि त्यातलं पाणी पिता येत नाही. आता पुस्तक उघडा."

तास ४८ मिनिटांचा होता. घंटा झाल्यावरही वर्ग थोडा वेळ बसून राहिला.